झनव्हिएव्ह: एका नावाची तीन वयं

फ्रान्समध्ये झनव्हिएव्ह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पंचाहत्तरी ओलांडलेली बाई येते. कॅनडातल्या माँट्रियलच्या एखाद्या कचेरीत तेच नाव ऐकू आलं तर ती चाळिशी-पंचेचाळिशीतली सहकारी असते. अमेरिकेत आज हे नाव बालवाडीच्या हजेरीपटावर सापडतं. नाव एकच, उगमही एकच, पण वयं तीन. आपल्याकडे कुसुम आणि स्वरा ही दोन नावं ऐकली की जन्माचं दशक सहज सांगता येतं. मात्र कुसुम पुण्यात आजी आणि नागपुरात तान्ही, असं काही होत नाही. झनव्हिएव्हचं नेमकं तसंच झालं आहे. बाळांच्या नावांच्या याद्या ज्याला ‘अर्थ’ म्हणतात तो या नावाच्या बाबतीत फारसा हाती लागत नाही. ते कुठे कुठे वापरलं गेलं, हे मात्र बरंच सांगता येतं.

आधी उच्चार, कारण मराठी माणूस तिथेच अडतो. इंग्रजी वळणाचं ‘जेनेव्हीव्ह’ आपल्या जिभेवर चटकन येतं. फ्रेंच उच्चारातला पहिला ध्वनी आपल्या वर्णमालेत नाही. झाडातला झ तो नव्हे आणि झेंड्यातलाही नव्हे. त्या दोन्हींत जीभ वर टेकून सुटते आणि हकाराचा झोत येतो. हा ध्वनी काढायची सोपी युक्ती अशी: लांब ‘श्श्श’ म्हणा, बोटं गळ्यावर ठेवा आणि जीभ जागची न हलवता गळ्यात कंप आणा. श चा घोष झाला की तोच तो ध्वनी. त्यानंतरचा स्वर अंधूक आहे आणि न नंतरचा तर बोलताना बहुधा गळूनच पडतो, म्हणून कानाला ‘झन-व्येव्ह’ अशी दोनच उच्चारखंडांची हाक ऐकू येते. शेवटचा व खालचा ओठ वरच्या दातांना घासून काढायचा. आपल्या ‘वारा’तला सैल व तिथे चालत नाही, नाहीतर नावाचं शेपूटच विरून जातं. या लेखात सोयीसाठी झनव्हिएव्ह असं लिहिलं आहे. ते तंतोतंत नाही, पण जवळचं आहे.

लिहिताना होणारी चूक वेगळीच. मूळ लेखनात (Geneviève) ‘इ’ (e) हे अक्षर चार वेळा येतं आणि फक्त शेवटून दुसऱ्या ‘इ’वर डावीकडून उतरणारी तिरकी रेघ आहे, म्हणजे आक्सां ग्राव्ह. पहिल्या दोन्ही ‘इ’ उघड्या ठेवायच्या असतात. पण कानाला ‘झे’ ऐकू येतं म्हणून बरेच लोक, फ्रेंच लोकही, त्यांच्यावर उलटी रेघ काढून मोकळे होतात. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, तिथे रेघाच नसतात. त्यामुळे सरकारी कागदावर एक आणि विमानाच्या तिकिटावर दुसरं, अशी तफावत दिसली तर घाबरण्याचं कारण नाही. जिनिव्हा शहराचं फ्रेंच नाव ‘झनेव्ह’ याच्या शेजारचं वाटतं, पण त्या दोघांचं नातं नाही.

आता अर्थ. इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांत ‘शुभ्र लाट’ असा अर्थ हमखास भेटतो. तो खुशाल पुसून टाकावा. तो उचलला आहे राजा आर्थरच्या राणीच्या नावावरून. वेल्श भाषेत ती ग्वेन्हविवार, फ्रेंचमध्ये ग्नियेव्ह्र. त्यातल्या ‘ग्वेन’चा अर्थ पांढरी किंवा पावन. याच राणीच्या नावाचं कॉर्निश रूप म्हणजे जेनिफर. झनव्हिएव्ह आणि जेनिफर ऐकायला बहिणी वाटतात. घराणी मात्र वेगळी.

झनव्हिएव्हचं सर्वांत जुनं लिखित रूप लॅटिनमधलं आहे: गेनोवेफा. ते मुळात लॅटिन नाही हे उघडच दिसतं. एक मत ते जर्मानिक मानतं: पहिला तुकडा ‘कुळ, जात’ या अर्थाचा, दुसरा ‘स्त्री’, म्हणजे साधारण ‘कुळातली बाई’. दुसरं मत ते गॉलिश, म्हणजे केल्टिक मानतं. तिथेही पहिला तुकडा जन्म किंवा कुळ याच अर्थाचा. म्हणजे पहिल्या अर्ध्या नावावर दोन्ही पक्ष जवळपास एक आहेत. भांडण आहे ते दुसऱ्या अर्ध्यावर. त्याला ‘स्त्री’ म्हणायचं तर अडचण अशी की जुन्या जर्मानिक शब्दात तिथे दीर्घ ई आहे, आणि गेनोवेफामध्ये ए. हा बदल सरळ मार्गाने होत नाही. म्हणून ‘कुळातली बाई’ हा अर्थ सांगताना पुढे एक ‘बहुधा’ लावणं प्रामाणिकपणाचं.

गेनोवेफाचं झनव्हिएव्ह कसं झालं, हे मात्र पायरी पायरीने दाखवता येतं, आणि भाषेची आवड असणाऱ्याला यातच खरी गंमत आहे. सुरुवातीचा ग पुढे ए आल्यामुळे मऊ होत होत झ पाशी आला. मधला ओ आघाताविना होता, तो क्षीण होऊन अंधूक स्वर उरला. दोन स्वरांमधल्या फ चा व्ह झाला. आघात होता त्या ए ला फोड फुटून ‘ये’ झाला, जसा लॅटिन ‘पेत्रा’चा फ्रेंचमध्ये ‘पियेर’ झाला, म्हणजे दगड. शेवटचा आ पार मुका झाला. शेजारच्या भाषांनी इतकी मोडतोड केली नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ते खेनोवेवा आणि जेनोव्हेवा, जर्मनमध्ये गेनोफेफा, पोलिशमध्ये गेनोवेफा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत जुन्या पिढीत हे नाव भेटतं ते पोर्तुगीज वाटेने आलेलं, जेनोव्हेवा म्हणून. इटालियनमध्ये जेनोवेफा. तिथे या नावाच्या वाट्याला एक थट्टा आली: डिस्नेच्या सिंड्रेलाच्या इटालियन रूपात एका दुष्ट सावत्र बहिणीचं नावच जेनोवेफा ठेवलं. एवढं झाल्यावर आपल्या लेकीला ते नाव ठेवायला कोण धजेल?

हे नाव मुळात टिकलं ते एका बाईमुळे. पॅरिसची रक्षक संत झनव्हिएव्ह पाचव्या शतकात, साधारण 420 च्या सुमारास, नांतेरला जन्मली. नांतेर आज पॅरिसला चिकटलेलं उपनगर आहे. तिच्या वडिलांचं नाव सेव्हेरस, म्हणजे लॅटिन. आईचं जेरॉन्शिया, म्हणजे ग्रीक वळणाचं. अशा घरात मुलीचं नाव मात्र ना लॅटिन ना ग्रीक. त्या काळच्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, माणसं कशी सरमिसळ होत होती, याचा यापेक्षा आटोपशीर पुरावा क्वचितच मिळेल. 429 मध्ये ओसेरचे बिशप जेर्मँ ब्रिटनला जाताना नांतेरला थांबले. त्यांनी या मुलीला गर्दीतून निवडलं आणि क्रूस कोरलेलं तांब्याचं नाणं गळ्यात घालायला दिलं, असं तिचं जुनं चरित्र सांगतं. हे चरित्र तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांतच लिहिलेलं मानतात, म्हणून त्याला वजन आहे.

चित्रांत ती मेंढपाळ पोर म्हणून दिसते: हातात काठी, भोवती मेंढ्या. त्या जुन्या चरित्रात मेंढ्यांचा पत्ता नाही. ते रूप तिला कित्येक शतकांनी चिकटलं. चरित्रात दिसणारी बाई बरीच निराळी आहे. तिच्याकडे जमीनजुमला असावा आणि शहराच्या कारभारात तिचा शब्द चालत असावा, असंच ते वाचून वाटतं. 451 मध्ये हूणांचा राजा अटिला येतोय म्हणून पॅरिसचे लोक चीजवस्तू बांधून पळायला निघाले, तेव्हा तिने बायकांना प्रार्थनेला बसवलं आणि पुरुषांना जागेवरून हलू नका म्हणून सुनावलं. लोक तिच्यावर दगड उचलायला निघाले होते. अटिला पॅरिस सोडून ऑर्लियांकडे वळला आणि तिचा शब्द खरा ठरला. पुढे फ्रँक या जर्मानिक लोकांच्या वेढ्यात शहर उपाशी पडलं, तेव्हा ती नावा घेऊन सेन नदीने वर गेली आणि शांपान्य भागातून धान्य भरून आणलं. मला या दोन प्रसंगांत दुसरा मोठा वाटतो. पहिल्यात अटिलाच्या मर्जीचा भाग होता. दुसऱ्यात नावा, नावाडी, धान्याचा भाव, प्रवाहाचा अंदाज आणि परतल्यावरची वाटणी, सगळं जुळवावं लागलं असणार.

ती 3 जानेवारीला वारली. वर्ष 502 की 512 यावर एकमत नाही. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस आणि राणी क्लोतिल्ड यांनी टेकडीवर बांधायला घेतलेल्या चर्चमध्ये तिला पुरलं. ती टेकडी पुढे तिच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. बाराव्या शतकात, 1130 च्या आसपास, पॅरिसमध्ये ‘जळत्यांचा रोग’ पसरला. राय धान्यावर येणाऱ्या अर्गट बुरशीचं विष पोटात गेलं की हातपाय आगीत धरल्यासारखे जळतात आणि पुढे सडतात. तेव्हा तिच्या अस्थींची पेटी मिरवणुकीने काढली आणि साथ ओसरली, अशी श्रद्धा रुजली. त्यानंतर पूर, दुष्काळ, राजाचं आजारपण, काहीही झालं की पेटी बाहेर काढायची प्रथाच पडली. शतकानुशतकं पॅरिसमधल्या मुलींना हे नाव मिळत राहिलं, याचं कारण व्युत्पत्तीत शोधण्यात अर्थ नाही. ते या पेटीत आहे.

1744 मध्ये पंधरावा लुई मेत्झ इथे मरणाच्या दारातून परतला आणि त्याने नवस केला: झनव्हिएव्हचं जीर्ण झालेलं चर्च पुन्हा भव्य बांधीन. वास्तुविशारद सूफ्लो. पायाचा दगड 1764 मध्ये बसला. सूफ्लो 1780 मध्ये वारला, काम त्याच्या माणसांनी पुरं केलं. तोवर क्रांती झाली होती. एप्रिल 1791 मध्ये नव्या सत्तेने ठरवलं की ही इमारत चर्च नसून राष्ट्राच्या थोर पुरुषांची समाधी, पाँथेऑं. दोन वर्षांनी, 1793 मध्ये, झनव्हिएव्हच्या अस्थी ग्रेव्हच्या चौकात जाळल्या. मूळ दगडी पेटीचा तुकडा तेवढा उरला. तो शेजारच्या सँत-एत्येन-द्यु-माँ या चर्चमध्ये ठेवला आहे.

म्हणजे जिच्यासाठी ही इमारत बांधली तिलाच तिथे जागा नाही. ‘थोर पुरुषांना, कृतज्ञ मायभूमीकडून’ असं दारावर कोरलेल्या त्या इमारतीत स्वतःच्या कर्तबगारीवर पहिली स्त्री पोचली ती 1995 मध्ये, मारी क्युरी. आणि 27 मे 2015 ला तिथे एक झनव्हिएव्ह आली: झनव्हिएव्ह द गोल-आंतोनिओज. शार्ल द गोल यांची ही पुतणी 1920 मध्ये जन्मली, 1943 मध्ये नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत असताना पकडली गेली, राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीतून वाचली आणि पुढे दशकानुदशकं झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी झटणाऱ्या संघटनेची अध्यक्ष राहिली. घरच्यांना तिची कबर हलवायची नव्हती. म्हणून पाँथेऑंमध्ये गेलेल्या शवपेटीत तिच्या कबरीची माती आहे, देह नाही. एका झनव्हिएव्हची राख झाली, दुसरीची फक्त माती आली. इतिहासाने हे मुद्दाम जुळवलं असेल असं मी म्हणणार नाही, पण असा योगायोग नजरेआड करणंही कठीण.

1920 हे साल मात्र योगायोगाचं नव्हे. हे नाव फ्रान्समध्ये बहरलं ते त्याच काळात, दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत आणि त्यानंतर थोडं. त्याआधीची व्यवस्थाही समजून घ्यायला हवी. 1803 च्या कायद्याने फ्रान्समध्ये मुलाला नाव ठेवायचं ते पंचांगातल्या संतांमधून किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींमधूनच, अशी मर्यादा घातली होती. 1966 मध्ये ती सैल झाली, आणि 8 जानेवारी 1993 च्या कायद्याने आईवडील पूर्ण मोकळे झाले. आता नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तरच नगरपालिकेचा अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो आणि वकिलाला पटलं तर प्रकरण न्यायालयात जातं. जन्माची नोंद पाच दिवसांत, जिथे मूल जन्मलं तिथल्या नगरपालिकेत करावी लागते. एकाहून जास्त नावं देता येतात. त्यांच्यात स्वल्पविराम असतो. जोडरेघ आली तर मारी-झनव्हिएव्ह हे एकच नाव धरतात. रोजच्या वापरासाठी त्यातलं कुठलंही नाव निवडायला कायद्याची मुभा आहे.

हा शेवटचा तपशील आकडे वाचताना कामाला येतो. फ्रान्सची सांख्यिकी संस्था इन्से 1900 पासूनच्या पहिल्या नावांची यादी सर्वांना खुली ठेवते. त्यावरून काढलेले आलेख पाहून लोक भराभर निष्कर्ष काढतात आणि फसतात. यादीत मोजलं जातं ते फक्त पहिलं नाव. दुसऱ्या-तिसऱ्या जागी बसलेल्या असंख्य झनव्हिएव्ह, म्हणजे आजीची आठवण म्हणून दिलेल्या, तिथे दिसतच नाहीत. दुसरी खाच अशी की 1946 च्या आधी जन्मलेल्यांची नोंद अपुरी आहे. ती नोंदवही उभी राहायच्या आधीच जे वारले त्यांतले बरेच त्यात नाहीत. त्यामुळे जुनी शिखरं प्रत्यक्षापेक्षा बुटकी दिसतात. तिसरी खाच पहिल्या महायुद्धाची. 1915 ते 1919 मध्ये फ्रान्समधले जन्मच निम्म्याच्या आसपास आले होते, म्हणून प्रत्येक नावाच्या आलेखात तिथे दरी पडते. ती पाहून ‘नावाची फॅशन ओसरली’ म्हणणं चुकीचं. उलट 1946 नंतर वर्षाला आठ लाखांहून जास्त मुलं जन्मू लागली, तेव्हा मंदावलेलं नावही आकड्यांत तगडं दिसतं. उपाय सोपा आहे: नुसते आकडे घेऊ नका, त्या वर्षी यादीत असलेल्या एकूण मुलींपैकी किती जणींचं हे नाव, तो वाटा काढा आणि मग वर्षं शेजारी ठेवा.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते: जिनेत. झनव्हिएव्हचं हे लाडाचं रूप नोंदवहीत स्वतंत्र नाव म्हणून येतं आणि 1920-30 च्या दशकांत तेही जोरात होतं. दोन्ही एकत्र मोजल्याशिवाय या नावाचा खरा पसारा कळत नाही. जिनेत आज आजीच्याही आजीचं वाटतं. पण व्हर्सायच्या लिसे सँत-झनव्हिएव्ह या कॉलेजला, जिथून अभियांत्रिकीच्या कडक प्रवेशपरीक्षांना मुलं बसतात, विद्यार्थी आजही ‘जिनेत’च म्हणतात.

क्वेबेकचं, म्हणजे माँट्रियल ज्यात आहे त्या कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांताचं, गणित निराळं. तिथे नावांची सरकारी यादी सुरू होते 1980 पासून, आणि तिथे झनव्हिएव्ह पहिल्याच वर्षांत उंचावर दिसते व मग उतरत जाते. ती चढली कधी, हे त्या यादीत सापडणारच नाही, कारण चढण यादीच्या आधीची आहे. म्हणून माँट्रियलमधली ही चाळिशीची पिढी. तिला हाक मारताना ‘झेन’ पुरतं. अमेरिकेची यादी 1880 पासूनची. तीत रेघा नसतात, म्हणून फ्रेंच लेखन आणि इंग्रजी लेखन एकातच मोजलं जातं, मात्र जिनिव्हा हे मुलीचं नाव वेगळं धरलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या शंभरांत असलेलं हे नाव शतकाच्या उत्तरार्धात बरंच खाली गेलं आणि आता पहिल्या दोनशेंत परतलं आहे. मिझुरीमध्ये तर त्या नावाचं गावच आहे, अठराव्या शतकात फ्रेंच वसाहतवाल्यांनी मिसिसिपीकाठी वसवलेलं.

अमेरिकेत परतलं, मग फ्रान्समध्ये का नाही? नाव पुन्हा ताजं वाटायला साधारण शंभर वर्षं लागतात, असा एक ठोकताळा आहे. आईचं नाव शिळं वाटतं, आजीचं म्हातारं, पणजीचं गोड. 1900 च्या आसपासच्या लुईझ, जान, रोझ फ्रान्समध्ये परतल्या आहेत. झनव्हिएव्हचं शिखर त्यांच्या नंतरचं. त्या आज्या अजून हयात आहेत. माझ्या मते आवाजही आड येतो. सध्या फ्रेंच आईवडिलांना एमा, मिया, लिना, आल्बा अशी आखूड, आ-कारान्त, व्यंजनांची गर्दी नसलेली नावं हवी असतात. झनव्हिएव्हमध्ये न आणि व्ह एकमेकांना खेटून आहेत आणि शेवट बंद आहे. इंग्रजी उच्चारात हाच गुंता सुटतो. तीन मोकळे स्वर मिळतात आणि जेन, इव्ही, व्हिव्ह अशी हाकेची नावंही.

नाव परत येईल तेव्हा ते आधी कुठे दिसेल, याचा अंदाज बांधता येतो. अशा जुन्या नावांची सुरुवात बहुधा मोठ्या शहरांतल्या सुशिक्षित, सुखवस्तू घरांतून होते आणि मग ती बाहेर झिरपतात. पॅरिस नगरपालिका 2004 पासून स्वतःच्या हद्दीतल्या नावांची वेगळी यादी प्रसिद्ध करते. देशाच्या यादीत हालचाल दिसण्याआधी ती तिथे दिसायला हवी. तोवर दर वर्षी 3 जानेवारीच्या आदल्या दिवशी दूरचित्रवाणीवर हवामान सांगताना ‘उद्या अमुक संत’च्या ओघात हे नाव घेतलं जातं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस देशभरातले जाँदार्म पोलीस तिचा उत्सव करतात, कारण 1962 पासून ती त्यांचीही रक्षक संत आहे.